आधीच उचललेला कप

ताईकडे चहाला गेले होते. बोलता बोलता भाऊजींनी टेबलावर मूठ आपटली आणि माझा चहा बशीत सांडला. ताईचा नाही सांडला. मूठ खाली यायच्या क्षणभर आधीच तिनं आपला कप अलगद उचलला होता.

विषय अमेरिकेच्या दोन अध्यक्षांचा होता. एक जुना, चाकांच्या खुर्चीतला, धास्तावलेल्या लोकांशी रेडिओवरून घरच्या माणसासारखा बोलणारा. दुसरा आजचा, टीव्हीवरचा.

"नेता असा लागतो! सगळे टरकून असतात याला," भाऊजी म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. टरकवणं ही कसली लायकी? आणि कोण किती खंबीर हे नेहमी मूठ आपटणाऱ्यांनीच का ठरवायचं? त्या जुन्याच्याही चुका असतील. पण त्याचा आवाज आला की लोक खुर्ची रेडिओजवळ ओढायचे, कप उचलून धरायचे नाहीत.

"ताई, तुला कोण बरा वाटतो गं?" मी मुद्दाम विचारलं.

"तिला काय कळतंय त्यातलं!" भाऊजींचा आवाज चढला.

ताईनं आपला कप उचलला आणि दुसऱ्या हातानं माझाही.