कौसामावशींची चाळीस पत्रं

कौसामावशी माणसाला नाव नंतर विचारायच्या. आधी विचारायच्या, "लिव्हाय येतं का?" येतं म्हटलं की पिशवीतून पोस्टकार्ड आणि पेन काढून पुढ्यात ठेवायच्या. सिरसाळ्याच्या बाजारात त्यांनी एकदा साध्या कपड्यातल्या हवालदारालाही असं बसवलं. दोन ओळी झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मावशी, मी पोलिसात आहे." मावशी म्हणाल्या, "मग तर नीट लिव्हा." स्वतः त्या अंगठाबहाद्दर.

त्यांचा लेक ज्ञानोबा ऊसतोडीला जाणाऱ्या बायांसाठी फडाजवळ दवाखाना द्या म्हणत तोडकऱ्यांच्या टोळ्यांना घेऊन रस्त्यावर बसला होता. तिसऱ्या दिवशी त्याला उचललं. खटला नाही, आरोपपत्र नाही. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका, एवढं लिहिलेला कागद आणि वर्षभराची स्थानबद्धता. हे प्रकरण अशा स्थानबद्धता तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढं जाणार होतं. तिथं गावाचे अर्ज पोचले तर पोरगा सुटेल, असं वकील म्हणाले. पण दसरा तोंडावर आलेला. टोळ्या एकदा निघाल्या की गावात लिहिणारं कोण उरतं? हातात आठच दिवस होते.

मी शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून मसुदा माझ्याकडं आला. मावशी शाळेच्या ओट्यावर बसून सांगायच्या आणि मधूनमधून बजावायच्या, "गाळू नका बरं का, गुरुजी." त्यांनी सांगितलेलं वाक्य साधं होतं: "माझ्या लेकाचं लोक ऐकतात, त्यो वंगाळ न्हाई." माझ्यातला मास्तर कुठला गप्प बसतोय! मी लिहिलं, 'ज्ञानोबाच्या एका शब्दावर सारा तालुका जागच्या जागी थांबतो.' वाक्य मला फार आवडलं. चाळीस जणांनी ते जसंच्या तसं उतरवलं आणि टोळ्या निघायच्या आत सगळी पत्रं गेली.

काही आठवड्यांनी सरकारी लिफाफा आला. मावशी समोर बसल्या होत्या. मी आधी मनात वाचलं.

"कावून थांबलात?"

तेवढा भाग सोडून दिला असता तर त्यांना कळलंही नसतं. खोटं कशाला बोलू, क्षणभर तसं मनात आलं. मग वाचलं. स्थानबद्धता कायम. कारण, ज्याच्या एका शब्दावर सारा तालुका थांबतो असं चाळीस गावकरी स्वतःच लिहून देतात, असा इसम बाहेर राहणं धोक्याचं आहे.

मावशींनी विचारलं, "ह्ये मी कवा म्हणलं, गुरुजी?"

"मी घातलं, मावशी."

"गाळू नका म्हणलं व्हतं. घालू नका म्हणायचं सुचलं न्हाई मला."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पिशवीतून कोरं कार्ड काढलं. या खेपेला मजकूर एका ओळीचा होता: 'ज्ञानोबाचा गुन्हा कोणता, ते कळवा.' गाव रिकामं झालं होतं, म्हणून मावशी एसटीनं थेट उसाच्या फडांवर गेल्या. तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांत, कोपी-कोपीत बसून थकल्याभागल्या माणसांकडून ती ओळ लिहून घेत हिंडल्या. मी दर सोमवारी एक कार्ड लिहायचो आणि स्वल्पविराम देतानाही माझा हात थबकायचा. उत्तर एकाही कार्डाला आलं नाही.

वर्ष भरलं तसा ज्ञानोबा सुटून आला. गाल बसलेले, सारखा खोकत होता. त्याचं एक वर्ष माझ्या वाक्यानं खाल्लं, हे मी त्याला सांगितलं.

पुढच्या सोमवारी मावशी पुन्हा शाळेत हजर. मागोमाग ज्ञानोबा आला, चिडलेला. "आई, सुटलो न्हवं मी? आता कावून लिव्हायचं?"

"तू सुटलास, बाबा. पर कशापायी नेलं व्हतं, ते त्यांनी सांगितलं का?"

"न्हाई."

"मग उद्या पुन्हा न्यायला कोन अडवतंय त्यांना?"

ज्ञानोबानं माझ्यापुढचं कार्ड आपल्याकडं ओढलं, पेन मागितलं आणि खाली बसून स्वतःच्या हातानं लिहिलं: 'माझा गुन्हा कोणता, ते कळवा.'