साध्या गटातली अत्ते

हजेरीपटावर तिचं नाव ‘सौम्या के. राव’ असं होतं, त्यामुळे ती कानडी असणार असं मी धरून चालले होते. एक दिवस विद्यापीठाच्या बसमध्ये ती माझ्या पुढच्या सीटवर बसून फोनवर बोलत होती.

“अत्ते, जेवले म्हटलं की मी. तू स्वल्प पड आता. डोळे दुखत्यात म्हणतीस आणि पुन्हा काजं करत बसतीस.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “तू मराठी आहेस?”

ती वळून हसली. “आमचं मराठी तुला मराठी वाटलं, हेच खूप झालं.”

माझे बाबा विमानांच्या सरकारी कारखान्यात नोकरीला लागले म्हणून आम्ही पुण्याहून बंगळुरूला आलो. सौम्याच्या घरच्यांना मात्र आपण कुठून आलो हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलो, एवढंच ते सांगत. गवीपुरममध्ये त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि खाली वडिलांचं, खंडोजीरावांचं, शिवणाचं दुकान. शाळांचे गणवेश शिवायचे. सौम्याची आई ती शाळेत असतानाच गेली होती. तिला वाढवलं ते वडिलांच्या थोरल्या बहिणीनं, सकवारबाईनं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि सकवारबाई भावाकडे परत आल्या, त्या कायमच्या. दुकानातली काज-बटणं त्याच करत. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणे. सौम्या कानडीतल्यासारखं ‘अत्ते’ म्हणायची.

आम्ही दोघी बिहेवियरल इकॉनॉमिक्समध्ये एम.ए. करत होतो. इलेक्ट्रॉनिक सिटीच्याही पुढे, होसूर रस्त्याला लागून आमचं विद्यापीठ. वर्गातल्या बहुतेकांना हा विषय पुढच्या नोकरीसाठी हवा होता. मलाही. सौम्याचं तसं नव्हतं. तिच्या शेजारच्या एका काकांना साखरेचा आजार होता. गोळ्या त्यांच्या उशाशीच असायच्या, सरकारी दवाखान्यातून फुकट मिळालेल्या, आणि तरी ते त्या घेत नसत. शेवटी त्यांचा पाय कापावा लागला. “गोळ्या हाताशी होत्या गं, मुग्धा,” ती मला म्हणाली होती. “माणूस असं का करतो, ते मला शिकायचंय.”

आणि ती शिकली. माणूस आजच्या लहानशा त्रासापुढे उद्याचं मोठं नुकसान कसं विसरतो, वाईट बातमी ऐकावी लागू नये म्हणून तिच्यापासून कसा लांब राहतो, समोर जे आयतं मांडलेलं असतं तेच कसं उचलतो, हे सगळं ती इतक्या आवडीनं बोलायची की कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावरची मुलं ऐकत बसत. नकोशी माहिती टाळण्याच्या वृत्तीवर तिनं सेमिनार दिला, तेव्हा आमचे श्रीवत्स सर, जे सहसा कुणाचं कौतुक करत नसत, म्हणाले, “यातच प्रबंध कर.”

प्रबंधाचा विषय तिनं स्वतः शोधला. एक संस्था वस्त्यांमध्ये शिबिरं घेऊन बायकांच्या गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी करायची. काही संशयास्पद दिसलं की नर्स त्या बाईला मोठ्या इस्पितळात पुढची तपासणी करून घ्यायला सांगे. बायका मान डोलवत आणि जात नसत. सौम्यानं ठरवलं की अशा बायकांचे दोन गट करायचे. एका गटाला नर्स नेहमीसारखं नुसतं सांगेल. हा साधा गट. दुसऱ्या गटातल्या बाईला इस्पितळातली तारीख तिथल्या तिथे ठरवून मिळेल, आदल्या दिवशी फोन जाईल, दारात रिक्षा येईल. कोण कुठल्या गटात जाणार, हे कॉम्प्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणार. मग दोन्ही गटांतल्या किती बायका गेल्या ते बघायचं.

“फरक पडला ना,” ती म्हणायची, “तर हे सगळ्या शहरात करता येईल. एका फोनचं तर काम आहे.”

शिबिरं उन्हाळ्यात झाली. मी तिच्या मदतीला जायची. गवीपुरमच्या शिबिरात आम्ही मुद्दाम गेलो नाही, कारण तिथे सौम्याला सगळेच ओळखत होते. तिथलं काम नर्सनं आणि संस्थेच्या माणसांनी केलं. पुढे माहिती एकत्र करताना कॉम्प्युटरसमोर बसलेल्या सौम्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. पडद्यावर नावं नव्हती, नुसते फोन नंबर होते. त्यातला एक तिच्या वडिलांच्या दुकानाचा होता.

गल्लीतल्या बायकांबरोबर अत्ते शिबिराला जाऊन आल्या होत्या. सौम्याच्या अभ्यासाचं शिबिर आहे म्हणून, कौतुकानं. नर्सला संशय आला होता. पुढे जा म्हणून सांगितलंही होतं. आणि घरी त्यातलं अवाक्षरही काढलं नव्हतं. कॉम्प्युटरनं त्यांना साध्या गटात टाकलं होतं.

आम्ही तशाच श्रीवत्स सरांकडे गेलो. साध्या गटातल्या कुणालाही आपण होऊन गाठायचं नाही, हा नियम सौम्यानंच लिहिला होता.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तू तिची भाची आधी आहेस, विद्यार्थिनी नंतर. आजच्या आज घरी जा आणि सांग. तिला आपण हिशेबातून वगळू. घरचं माणूस तसंही धरता येत नाही.”

त्यांनी तिच्यासमोरच ती ओळ पुसली. सौम्या पडद्याकडे बघत राहिली. मग आम्ही बस पकडली.

अत्ते दुकानाच्या मागच्या बाजूला बसल्या होत्या. मांडीवर पांढऱ्या सदऱ्यांचा ढीग होता. शाळा सुरू व्हायचे दिवस, त्यामुळे श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मला बघून म्हणाल्या, “मुग्धा आली काय? बसा की. स्वल्प कॉफी टाकते.”

“अत्ते, बेडा, कॉफी नको,” सौम्या म्हणाली. “नर्सनं तुला काय सांगितलं?”

अत्त्यांची सुई थांबली नाही. “पुन्हा एकदा दाखव म्हणाली. दाखवते की. हे कपडे जाऊ देत.”

“कपड्यांचं काय घेऊन बसलीस! आत्ता काही असलं तरी लहान असेल. लगेच बरं होतं. उशीर केलास तर…”

“सरी, सरी. बरं, जाऊ.”

सौम्यानं लगेच फोन लावून तारीख घेतली. दुसऱ्या गटातल्या बायकांना मिळायचं ते सगळं, आणि वर आणखी, तिनं अत्त्यांना दिलं. आदल्या दिवशी आठवण करून दिली. दारात रिक्षा बोलावली. इस्पितळाच्या दारात आम्ही दोघी वाट बघत उभ्या राहिलो. रिक्षा आली ती रिकामी. रिक्षावाला म्हणाला, घराला कुलूप होतं. अत्ते सकाळीच एका ओळखीच्या बाईकडे बारशाला निघून गेल्या होत्या.

दुसरी तारीख घेतली. त्या दिवशी अत्त्यांची कंबर धरली. तिसऱ्या वेळी सौम्या स्वतः त्यांना घेऊन निघाली. रिक्षा चामराजपेटेच्या सिग्नलला थांबली, तेव्हा अत्ते खाली उतरल्या आणि घराच्या दिशेनं चालू लागल्या. सौम्या मागून धावली. भर रस्त्यात दोघींचं भांडण झालं. हे मला तिनंच सांगितलं.

“मी एवढं शिकते ते कशासाठी?” ती ओरडली होती.

“मला माहीत नाही बाई,” अत्ते म्हणाल्या होत्या. “तू शिक. पण मला नको शिकवूस. माझ्या आईला त्याच इस्पितळात नेलं होतं. कापून बघितलं आणि मग ती उठलीच नाही. मला नाही बघायचं ते.”

“ते तेव्हाचं होतं. आता तसं नाही.”

“तुला कळलं तर तुला बरं वाटेल. मला कळलं तर मी कुठं जाऊ?”

सौम्यानं सेमिनारमध्ये नेमकं हेच सांगितलं होतं, स्लाइडवर, आलेख काढून. कुणी विचारलं असतं तर या वागण्याला काय म्हणतात, ते कुणी कधी शोधलं, कुठल्या देशात किती लोकांवर, हे तिनं झोपेतही सांगितलं असतं. चामराजपेटेच्या रस्त्यावर तिला त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. अत्त्यांचा हात धरून ती त्यांना घरी घेऊन गेली.

खंडोजीरावांना तिनं सांगून बघितलं. ते मशीनवर बसूनच म्हणाले, “अक्काला मी आजवर कधी काही सांगितलंय काय? तिनं मला वाढवलं.” एवढं बोलून त्यांनी पाय चालवायला सुरुवात केली. मशीनच्या आवाजात पुढचं काही ऐकू गेलं नसतं.

मग तिनं सगळं करून पाहिलं. शेजारणींना बोलायला लावलं. देवळात ‘तपासून घेईन’ असं देवाला कबूल करायला लावलं, म्हणजे दिलेला शब्द पाळायला तरी जातील. राग धरून जेवण सोडलं. अत्ते ताट घेऊन तिच्यामागे फिरल्या, रडल्या, शपथा घेतल्या, “पुढच्या आठवड्यात नक्की” म्हणाल्या. तो आठवडा आला की पुढचा आठवडा. त्या खोटं बोलत होत्या असं मला आजही वाटत नाही. त्या वेळी त्यांना जायचंच असायचं.

गौरी-गणपती झाल्यावर अत्ते दुकानातच घेरी येऊन पडल्या. खाली सगळं रक्त. आता त्यांना विचारायचा प्रश्न नव्हता, आम्ही त्यांना उचलूनच नेलं. इस्पितळातल्या डॉक्टर मनस्विनी, माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या, सौम्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, “पसरलंय. किरणं देऊ, दुखणं कमी होईल. बरं होईल असं मी सांगणार नाही. तुम्ही आधी का आला नाहीत?”

मी बोलायला तोंड उघडलं, तर सौम्यानं माझं मनगट दाबलं.

ती सकाळी अत्त्यांजवळ बसायची आणि दुपारी प्रबंधाचं काम करायची. मी म्हटलं, मुदत वाढवून घे. ती म्हणाली, “घरी बसून काय करू?” सगळ्या शिबिरांची आकडेमोड पुरी झाली तेव्हा ती मला लायब्ररीत घेऊन गेली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

फरक नव्हता. तारीख दिलेल्या, फोन केलेल्या, रिक्षा पाठवलेल्या बायका आणि नुसतं सांगितलेल्या बायका, दोन्ही गटांतून सारख्याच गेल्या होत्या, म्हणजे थोड्याच. बाकीच्या घरी राहिल्या होत्या.

“अत्ते शिबिरातच दुसऱ्या गटात पडली असती तर वाचली असती, असं मी रोज मनात म्हणायची,” सौम्या म्हणाली. “आता तेही म्हणता येत नाही.”

“म्हणजे तुझ्याकडून काही चुकलं नाही, असंही होतं ना?”

“हो. कुणाकडूनच काही चुकलं नाही. आणि कशाचाच काही उपयोग नव्हता.”

दिवाळीच्या सुट्टीत अत्ते गेल्या. शेवटचे काही दिवस त्या औषधाच्या गुंगीतच होत्या. मधूनच बोटं हलायची, चिमटीत सुई धरल्यासारखी. खंडोजीरावांनी दुकान तेरा दिवस बंद ठेवलं आणि मग उघडलं. काज-बटणं आता बाहेर द्यावी लागतात.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सौम्याची स्तुती केली. रचना निर्दोष आहे, फरक न सापडणं हाही एक निष्कर्षच आहे, असं ते म्हणाले. एकानं विचारलं, “साध्या गटातली एक नोंद वगळलेली दिसते. का?” श्रीवत्स सर उत्तर द्यायला पुढे सरकले, पण तीच म्हणाली, “त्या माझ्या आत्या होत्या. मी त्यांना जाऊन सांगितलं होतं.”

“मग त्या गेल्या का तपासणीला?”

“नाही.”

परीक्षकांनी मान हलवली आणि पान उलटलं.

प्रयोग संपल्यावर साध्या गटातल्या बायकांनाही फोन करून बोलवायचं, असं आधीच ठरलं होतं. ते फोन आम्ही दोघींनी केले. काही नंबर बंद होते. बऱ्याच जणी “सरी, येतो” म्हणाल्या. सौम्या प्रत्येकीशी सारख्याच शांतपणे बोलत होती, पण ती आवाजावरूनच ओळखायची. फोन ठेवून मला नुसतं “नाही येणार” म्हणायची. इस्पितळात चौकशी केली तेव्हा तिचं बहुतेक सगळं खरं निघालं.

श्रीवत्स सरांनी तिला पीएच.डी.साठी खूप समजावलं. ती बेळ्ळंदूरला एका कंपनीत लागली. घरपोच जेवण पुरवणारं त्यांचं ॲप आहे. लोकांना कुठल्या वेळी, कुठल्या शब्दांत संदेश पाठवला की ते जेवण मागवतात, हे ठरवणं तिचं काम. त्यात ती फार हुशार निघाली. मध्यंतरी इंदिरानगरला कॉफीला भेटलो तेव्हा मी विचारलं, कसं चाललंय. “छान,” ती म्हणाली. “इथे फरक पडतो. एक शब्द बदलला तरी लगेच पडतो. पोट भरलेलं असतं तरी मागवतात.” तिला त्यात गंमत वाटत होती की आणखी काही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

गेल्या महिन्यात मी तिच्या घरी गेले होते. रविवार होता, तरी खाली मशीन चालू होतं. खंडोजीराव फार वाळलेत. आम्ही बोलत असताना त्यांना खोकल्याची उबळ आली, मशीनच्या टेबलाला धरून ते कितीतरी वेळ खोकत राहिले. मी म्हटलं, “काका, कुणाला दाखवलंत का?”

“होय होय, जायचंय,” ते डोळे पुसत म्हणाले. “एवढं काम स्वल्प आवरू दे.”

मी सौम्याकडे पाहिलं. तिनं वडिलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग ती उठली आणि कॉफी करायला वर गेली.