ऑप्शनला टाकलेलं

सोलापुरातल्या एका शाळेत मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवते. दिवाळी झाली की दहावीची मुलं विचारायला लागतात, "मॅडम, यातलं काय ऑप्शनला टाकू?" मूळ शब्द निवडीचा. समोर दोन वाटा आहेत, त्यातली हवी ती घे, असं सांगणारा. आपल्याकडे तो उलटा फिरला. जे निवडायचं नाही, ज्याचं पान उघडायचंच नाही, ते ऑप्शनला. पूर्वी मी हे फळ्यावर लिहून समजवायची. मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि वर्गाबाहेर पडता पडता पुन्हा तेच बोलायची. आता मी दुरुस्त करत नाही.

मी स्वतः दहावीला भूमितीची प्रमेयं ऑप्शनला टाकली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांनी विचारलं, "टाकली म्हंजे? कुटं टाकली?" मी सांगितलं, तेवढं सोडून बाकीचं करायचं.  ते म्हणाले, "डब्याची चार चाकं बगितली नि चार ऑप्शनला टाकली, तर चालंल का?" प्रमेयं मी तरीही केली नाहीत.

आई गेल्यावर अण्णा कुर्डुवाडीला एकटेच राहायचे. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या पायांवर सूज आली, जेवण तुटलं. मी त्यांना सोलापूरला घेऊन आले. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. दोन्ही किडन्या जवळपास थांबल्या होत्या.

"ऑप्शन दोन आहेत," डॉक्टर म्हणाले. "डायलिसिस, आठवड्यातून तीनदा. नाहीतर औषधं, पथ्य, आणि जितके दिवस मिळतील तितके. ऑप्शन तुमचा आहे."

बोलताना ते माझ्याकडे बघत होते. अण्णा माझ्या शेजारच्या खुर्चीत, मांडीवर टोपी ठेवून बसले होते.

मी बाहेर येऊन पुण्याला भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तू जवळ आहेस. तुला योग्य वाटेल ते ठरव, माझी ना नाही." मी ठरवलं. मुलगी म्हणून दुसरं काय ठरवणार? आत जाऊन सांगितलं, "अण्णा, उद्यापासून मशीन लावायचंय." त्यांनी मान हलवली.

मग सोमवार, बुधवार, शनिवार. पहाटे पाचला उठायचं, त्यांचा डबा, माझा डबा, सहाला रिक्षा. चार तास ते मशीनला. मी शेजारच्या स्टुलावर पेपर तपासायची. त्यांना घरी सोडून बाराला शाळा. दिवसभराचं पाणी मोजून द्यायचं. सोलापूरच्या उन्हात ते एका भांड्यातलं पाणी घोट घोट करून संध्याकाळपर्यंत पुरवायचे. शेंगाची चटणी बंद झाली. मशीनवरून उतरलं की पायात गोळे यायचे, दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी विचारायची, "बरं वाटतंय का?" ते म्हणायचे, "व्हय." मलाही तेवढं उत्तर पुरायचं, कारण पुढचं ऐकायची ताकद नव्हती.

अडीच महिने असे गेले. एका बुधवारी पहाटे मी त्यांना उठवायला गेले, तर ते खाटेवर बसूनच होते.

"आज न्हाय जायाचं," ते म्हणाले.

"एक वार चुकला तरी त्रास होतो, अण्णा."

"चुकवत न्हाय. थांबवतुय."

माझा तोल गेला. "मी काय हौसेनं करते का हे सगळं? रोजची झोप नाही, शाळेत उभं राहवत नाही."

"तेच म्हणतुय मी," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "डॉक्टरनं तुला इचारलं. तू भावाला इचारलंस. मला कुनी इचारलं? मलाच ऑप्शनला टाकलं की तुमी."

मी दाराला टेकून उभी राहिले. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मला आधी काय वाटलं, ते अजून मी कुणाला नीट सांगू शकत नाही. दुःख नंतर आलं. आधी वाटलं, येत्या शनिवारी पाचला उठायचं नाही.

त्या दिवशी दहा वाजता आम्ही डॉक्टरांकडे गेलो. या वेळी मी खुर्ची मागे घेतली आणि म्हटलं, "तुम्ही त्यांनाच विचारा."

"काका, थांबवलं तर काय होईल, माहीत आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय. किती दिस?"

"दोन-तीन आठवडे. थोडं जास्तही. त्रास कमी व्हावा म्हणून औषधं देतो."

"बास हायत तेवढे," अण्णा म्हणाले. मग जरा वाकून त्यांनी विचारलं, "शेंगाची चटणी खाऊ का आता?"

"खा," डॉक्टर म्हणाले, आणि बराच वेळ कागदावर काहीतरी लिहीत राहिले.

त्यांना कुर्डुवाडीला जायचं होतं. मी रजा टाकली आणि गाडीनं घेऊन गेले. शेजारच्या काकूंनी घर झाडून ठेवलं होतं. अण्णा एकोणीस दिवस राहिले. पहिले आठ दिवस दारात खुर्ची टाकून बसायचे. जुने सोबती यायचे, वर्कशॉपच्या गोष्टी व्हायच्या. ते मला एकदाही "पानी दे" म्हणाले नाहीत; स्वतः उठून माठातलं घ्यायचे. नंतर धाप वाढली, झोप वाढली. भाऊ शेवटच्या चार दिवसांसाठी आला. एका दुपारी आम्ही दोघं जवळ असताना ते गेले.

दहावं झाल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. भाऊ म्हणाला, "ताई, तू त्यांना अडवायला हवं होतंस."

"अडीच महिने अडवलंच होतं," मी म्हटलं. भांडायचं त्राण नव्हतं, म्हणून जे होतं ते सांगून टाकलं. "ते नको म्हणाले तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. त्यांचं ऐकलं, का माझ्या थकव्याचं ऐकलं, मला कळत नाही."

 तो म्हणाला, "फोनवर तुला तू ठरव म्हटलं, तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं."

 ऊन ओट्यावरून उतरलं होतं. चहा कुणीतरी करायला हवा होता. जरा वेळानं तोच उठला, आणि साखरेचा डबा कुठं आहे म्हणून आतून विचारू लागला.