कॉलरच्या आतले आडनाव

कपड्यांच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी सदऱ्याची कॉलर उलटी करून आतली पट्टी वाचली. मग कापड मोजायच्या लोखंडी गजाच्या टोकाने तो सदरा बाजूला सारला. हाताने नाही. गजाने.

"नाव छान आहे हो," त्या म्हणाल्या. "आडनाव तेवढं काढून टाका. लोक अंगावर घालतात."

त्यांनी आवाज खाली आणला.

"आपल्यातले म्हणून मोकळेपणाने सांगते. चहा घेणार ना?"

मी चहा घेतला. कपबशीतून. तो मान माझ्या शुद्ध बोलण्याला मिळाला होता; माझे आडनाव त्यांना ठाऊक नव्हते. पट्टीवरचे आडनाव माझेच होते. तो सदरा माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने शिवला होता.

विद्यापीठाच्या नावाचा लढा शेवटाकडे आला होता, ते हे दिवस. औरंगाबादभोवती कारखाने वाढत होते. त्याआधी मी चिकलठाण्याला तयार कपड्यांच्या एका कारखान्यात कापड कापायला होतो. तिथे शिवणाऱ्या बायकांना मशीनच्या नंबरावरून हाक मारत. "सतरा, बाही उलटी लागली." सतरा म्हणजे आक्का. ते सहा वर्षे ऐकले आणि नोकरी सोडली. पडेगावात भाड्याच्या खोलीत चार मशीन मांडल्या. कापड जवळपासच्या विणकरांच्या हातमागाचे, शिलाई इथलीच. नियम एकच: जी शिवेल तिने आपले पूर्ण नाव स्वतःच्या हाताने कॉलरच्या आत भरायचे.

दुकानदारांना भेटताना मी मात्र केवळ पहिले नाव सांगत असे. तो नियम मी माझ्यापुरता केलाच नव्हता.

आक्का प्रौढवर्गात लिहायला शिकली होती. सासर सोडून परतल्यावर तिने माहेरचे आडनाव पुन्हा लावले, तेही कुणाला न विचारता. लढ्याच्या सुरुवातीला गावात आमचे घर पेटवले, तेव्हा मला पाठीवर घेऊन शिवारातून पळाली ती हीच. हे सगळे मला माहीत होते. माहीत असून मी त्या दुकानातून मान डोलावून उठलो.

बाईंची ऑर्डर गेली असती तर चारांतल्या दोन मशीन बंद पडल्या असत्या. कारण खरे होते. मी त्याच्या आड लपलो, हेही खरे.

रविवारी दुपारी खोलीत कुणी नव्हते. मी ब्लेड घेऊन बसलो. मी कापणारा, भरतकामातले मला काही कळत नव्हते. आक्का साखळी टाक्याने नाव भरायची, एकाच अखंड दोऱ्यात. साखळी टाका शेवटाकडून तोडून ओढला की सरसर उसवत जातो. मी आडनावाचे शेवटचे अक्षर तोडले आणि दोरा ओढला. आडनाव गेले. वडिलांचे नाव गेले. मग आक्काचे गेले. पांढऱ्या पट्टीवर नुसती भोके उरली.

पहिल्याच सदऱ्यावर हे कळले. तरी मी थांबलो नाही. नऊ सदरे उसवले.

सोमवारी आक्काने ते पाहिले.

"कुनी उसवलं रं?"

"मी."

बाईंचे बोलणे मी सांगितले. ती पट्टीवरून अंगठा फिरवत ऐकत राहिली.

"हे तुजं बी आडनाव हाय, म्हून सांगितलंस का तिला?"

"नाय."

"च्या पिलास?"

"व्हय."

"ग्वाड व्हता का?"

शेजारच्या मशीनवरची शांताबाई हसली. मग तिने माझ्याकडे पाहिले आणि तिचे हसू थांबले.

"घर पेटवलं ते परके व्हते, भाऊ," आक्का म्हणाली. "हे तू केलंस."

तेवढेच. ती पुन्हा मशीनवर बसली.

मी त्याच दिवशी दुकानात गेलो. उभ्यानेच माझे नाव सांगितले. माझे, वडिलांचे, मग आडनाव.

बाईंनी हातातला गज खाली ठेवला. "अहो, मग आधी सांगायचं ना. मी काही तशी नाही हो. पण गिऱ्हाईक..."

"पट्टीवर पूर्ण नाव राहील," मी म्हणालो.

ऑर्डर गेली. दोन मशीन बंद पडल्या. शांताबाई आणि तिची जाऊ पुन्हा कारखान्यात गेल्या, नंबर होऊन. त्याचा दोष बाईंवर टाकून मला मोकळे होता येत नाही. पहिल्या भेटीत पूर्ण नाव सांगितले असते, तर त्या दोघींना मी खोटी आशा दाखवली नसती.

आक्काने ते नऊ सदरे पुन्हा भरले नाहीत. "तू शीक," म्हणाली. मी शिकलो. बोटे सोलली, अक्षरे वाकडी आली, तिने तशीच ठेवायला लावली.

आज मी पंचावन्न ओलांडली आहे. लोक तेच आता अधिक सभ्यपणे सांगतात: "पट्टीवर छोटं नाव शोभून दिसतं." बंद पडलेल्या दोन मशीन पुढे सुरू झाल्या, पण आमच्या खोलीत अजूनही चारच आहेत, आणि पाचवी येईल असे दिसत नाही. चालेल. कुणाशीही व्यवहाराचा पहिला शब्द बोलण्याआधी मी माझे नाव सांगतो. पूर्ण. ते ऐकून जो उठतो, त्याला मी बसा म्हणत नाही.