जूलीने खाल्लं ते माझ्या हुकमाने

जम्मूच्या डोंगरात आमची पोस्ट होती. मी हवालदार, गडमुडशिंगीचा, डॉग हँडलर. माझ्याकडे जूली नावाची लॅब्राडोर होती. रोज सकाळी सहाला, लष्कराच्या गाड्या सुटण्याआधी, रस्ता तपासायला रोड ओपनिंग पार्टी निघायची. पुढे जूली, मागे मी. रस्त्यात पुरलेलं स्फोटक तिला वासावरून कळायचं आणि ती तिथेच बसायची. ती बसली की आम्ही थांबायचो, म्हणून जिवंत राहायचो.

तिच्या खाण्याचा नियम कडक होता. हाड काढलेलं उकडलेलं मटण आणि भात, तेही माझ्याच हातून. दुसऱ्या कुणी पेढा धरला तरी ती तोंड फिरवायची.

एका रविवारी दुपारी आम्ही कोल्हापूरच्या मंडळींनी तांबडा रस्सा केला. चटणी घरून आलेली. हातकणंगल्याचा नाईक दत्ता वाढत होता. आमच्याकडे मानाच्या पावण्याला नळी, म्हणजे मगजाचं हाड, वाढतात. दत्ताने स्वतःच्या ताटातली नळी पाण्याने धुतली आणि जूलीपुढे धरली. तिने माझ्याकडे पाहिलं.

"दादा, खा म्हणा की तिला. आमच्यात कुणाला तोंड बघत बसवत न्हाईत."

नियम मला पाठ होता. तरी मी म्हणालो, "खा." चारचौघांत मोठेपणा मिरवायचा होता, दुसरं काय! तिने नळी कडाकडा फोडून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तिला रक्ताची उलटी झाली. पोट दगडासारखं घट्ट झालं होतं. मी वायरलेस सेटवर कंपनी कमांडरला कळवलं.

"डॉग अनफिट, सर."

"दुसरा डॉग दुपारशिवाय येणार नाही. मेटल डिटेक्टरवर पार्टी काढा. गाड्या थांबल्यात. ओव्हर."

डिटेक्टर दत्ताने घेतला. "तुम्ही जूलीला बघा, दादा. मी जातो म्होरं."

सात चाळीसला धमाका ऐकू आला. स्फोटक प्लास्टिकच्या डब्यात होतं, यंत्राला ते कळलंच नाही. दत्ता जागीच गेला. रस्ता बंद पडला, जूलीला खाली दवाखान्यात नेता आलं नाही. अकराला तीही गेली.

व्हेटर्नरी कॅप्टनने तिचं पोट उघडून मला दाखवलं. "शिजलेलं हाड ठिसूळ होतं. सुयांसारखे तुकडे होतात. आतडं दोन ठिकाणी फाटलंय. कुणी दिलं?"

"माहीत नाही, सर."

कागदावर लिहिलं गेलं की कुत्रीने कचऱ्यातलं हाड गिळलं. दुसऱ्याच्या हातचं न खाणारी जूली कागदावर उकिरडा फुंकणारी ठरली. मी खाली सही केली. त्या सहीची मला आजही किळस येते.

आता मी निवृत्त आहे. दत्ताच्या स्मृतिदिनाला दरवर्षी हातकणंगल्याला जातो. हार, घोषणा, भाषणं होतात. मीही शौर्यावर बोलतो. यंदा कार्यक्रम संपल्यावर त्याच्या आईने मला बाजूला बोलावलं.

"त्या दिवशी तुमची कुत्री म्होरं का न्हवती वो?"

"आजारी हुती, मावशी."

"मग त्या मुक्या जिवाला काय बोल लावायचा, बाळा," ती म्हणाली.

मी मान डोलावली.