भाड्याचा एअरब्रश, ट्यूबमधली हवा

९ जानेवारी १९९४, रविवार. अनामत दोनशे रुपये, भाडं दिवसाला दहा. हजर तिघं : छावणीत फोटो स्टुडिओ चालवणारा पेंटर, मी आणि माझी बायको. आम्ही तिच्या पासपोर्ट साइज फोटोसाठी गेलो होतो. एअरब्रशचं तिला तिथंच कळलं.

"कशाला हवाय हा?"

"विमानाला."

पेंटर हसला. बायको हसली नाही. मस्कतला असलेल्या माझ्या साडूनं प्लॅस्टिकचे भाग जोडून करायच्या विमानाचा खोका आणला होता, सोबत अ‍ॅक्रिलिक रंगाच्या छोट्या बाटल्या. दिवाळीपासून एकेक भाग चिकटवून मी ते विमान उभं केलं होतं. पण रंग ब्रशनं दिला की रेघा उठायच्या. मी वाळूजच्या एका कारखान्यात कॉस्टिंगला होतो, प्रत्येक वस्तूचा खर्च मांडायच्या कामावर. वाकडी रेघ मला वहीत चालत नाही, तर पंखावर कशी चालेल?

एअरब्रश म्हणजे जाड पेनाएवढी वस्तू. वर रंगाची वाटी, आत लांब सुई, पुढं केसाएवढ्या भोकाचं नोझल. हवा सोडली की रंगाचं धुकं होऊन बाहेर पडतं. पेंटरनं कागदावर निळं धुकं उडवून दाखवलं आणि माझं मन त्यावर जडलंच.

"कंप्रेसर इथून हलत नाय," तो म्हणाला. "हवेचं तुमचं तुम्ही बघा. काम झालं की थिनरनं धुवा. आन् साहेब, गुरुवारी संध्याकाळी परत पाहिजे म्हंजे पाहिजे."

त्यानं मागं बोट दाखवलं. भिंतीला प्लायवूडचा मोठा बोर्ड टेकवलेला होता. त्यावर विद्यापीठाचं दार खडूनं आखलेलं, त्याच्या वर नवं नाव, तेही अजून खडूतच. नामांतराचा निर्णय आता होणार असं त्या आठवड्यात जो तो म्हणत होता. बोर्ड त्याच्या वस्तीच्या तोंडाशी लागायचा होता. दार आणि अक्षरं तो ब्रशनं करणार होता, मागचं आभाळ शेवटी, एअरब्रशनं.

"सोळा वर्षं आज होईल, उद्या होईल, हेच ऐकतोय. मोर्च्यात जाऊन आमच्या थोरल्यानं लाठ्या खाल्ल्या. आता खरंच झालं आन् पेंटरच्याच वस्तीचा बोर्ड आभाळाशिवाय राहिला, तर लोक काय म्हणतील मला?"

"गुरुवारी पाच वाजता," मी म्हणालो. मी वेळ चुकवणारा माणूस नाही.

हवेसाठी मी पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब घेतली. तिला मोठी चीर होती. त्यानं ठिगळ मारलं, हवा भरली आणि म्हणाला, "अंदर से भी पावडर मारके दिया साहब, चिपकेगी नहीं." मी खूश झालो. ट्यूबच्या व्हॉल्व्हला रबरी नळी, नळीला एअरब्रश. दाब हवा म्हणून ट्यूबवर वजन पाहिजे होतं. गव्हाचा डबा ठेवला, तो घसरला. शेवटी बायकोला बसवलं.

"अहो, शेजारी बघतायत."

"हलू नकोस, दाब कमीजास्त होतो."

सोमवारी संध्याकाळी रंग उडाला तो एका पंखावर, वीतभर. मग थुंकल्यासारखे ठिपके पडले आणि बंद. रंग घट्ट असेल म्हणून पाणी घातलं. इंजेक्शनच्या सिरिंजनं मोजून, दोन भाग रंग, एक भाग पाणी. पुन्हा वीतभर, पुन्हा बंद. मग निम्मं निम्मं केलं. आता रंग पंखावरून ओघळला, आणि ओघळत असतानाच नोझल बंद. मलमलीच्या फडक्यातून रंग गाळून घेतला. तरी तेच. दर वेळी नोझल काढायचं, धुवायचं, बसवायचं, बायकोला हाक मारायची, आणि ट्रिगर दाबला की फुस्स.

"विमान उडायला अजून किती वेळ आहे?" ती ट्यूबवरून विचारायची. "भाकरी टाकायच्यात."

मंगळवारी माझा संयम सुटला. शिवणाची सुई घेतली आणि नोझलच्या भोकात घालून फिरवली. थोडं काहीतरी निघालं. मग पेंटरच्या सांगण्याप्रमाणं थिनर ओतलं. आमच्या कारखान्यातही रंगाची गन थिनरनंच धुतात, त्यामुळं मला शंका आली नाही. पण तो ऑइलपेंट. माझा रंग पाण्यातला. थिनर पडताच वाटीत नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या आणि आत चिवट रबर बसलं. एअरब्रशची आतली सुई मागंही येईना, पुढंही जाईना. दोन दिवसांवर गुरुवार आणि हातात पेंटरचा बुजलेला एअरब्रश.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ऑफिसात नामांतरावरून दोन तट पडले होते आणि माझी रजा बघून एकानं विचारलंच, "काय, कुठल्या बाजूनं निघालात?" एअरब्रश बुजलाय असं सांगितलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं. अर्जावर 'घरगुती काम' लिहून मी निघालो.

औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणलं. स्टीलच्या वाटीत सगळे सुटे भाग बुडवून ठेवले. तासाभरानं रबर मऊ पडलं. दाढीच्या ब्रशचा एक केस उपटून भोकातून ओढला, तेव्हा हिरव्या रबराच्या आत पांढरा खडा दिसला. माझ्या बाटल्यांत पांढरा रंग नव्हताच.

हा पांढरा आला कुठून, म्हणून मी तिथंच बसलो. तेवढ्यात बायकोनं ट्यूब गॅलरीत न्यायला नळी उपटली. हवा सुटली ती थेट तिच्या जांभळ्या साडीवर.

"अगं बाई! हे काय?"

कमरेपासून पायापर्यंत साडी पांढरी झाली होती. पंक्चरवाल्याची पावडर. ट्यूब दाबली की ती हवेबरोबर येत होती आणि नोझलच्या तोंडाशी ओल्या रंगात कालवली जाऊन लापशीसारखी घट्ट बसत होती. तीन दिवस मी रंग मोजला, पाणी मोजलं. हवा फुकटची, म्हणून तिच्याकडं बघितलंच नाही.

"साडीचे किती धरताय?" बायको म्हणाली.

नळीच्या तोंडाला फडकं बांधलं, वाटीत नुसतं पाणी घातलं. धार न तुटता चालली. पण धुकं सरळ जाईना, डावीकडं झुकायचं. नोझल भिंगाखाली धरलं तर भोकाची कड एका बाजूनं फाकली होती. शिवणाची सुई.

गुरुवारी क्रांती चौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या, निम्मी दुकानं अर्ध्या शटरवर. पावणेपाचला मी स्टुडिओत होतो. बोर्डवर दार आणि अक्षरं पुरी झाली होती, वर कागद चिकटवून झाकलेली. फक्त आभाळ बाकी. पेंटरनं एअरब्रश कंप्रेसरला लावला, जुन्या पेपरवर दाबला आणि थांबला.

"हे तिरकं का मारतंय?"

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मधे मधे कपाळाला हात लावत होता.

"थिनर मी सांगितलं, ते माझ्याकडं," तो म्हणाला. "पण साहेब, नोझलात सुई? लेकराच्या कानात कुणी घालतं का?"

"नवं नोझल कुठं मिळेल?"

"मुंबईला. आभाळ मात्र आज पाहिजे."

तो चिडला होता आणि तसाच कामाला लागला. डावीकडं धुकं जास्त जातं म्हणून जाड पुठ्ठा आडवा धरायला मला उभं केलं. "वर. अजून वर. हलू नका, दाब कमीजास्त व्हतो," असं म्हणाला, तेव्हा मला बायको आठवली. दर हाताला तो लांब जाऊन बघायचा, तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलायचा, परत यायचा. एका ठिकाणी निळा दाट बसला आणि निघेना. तासाभराचं काम अडीच तास चाललं. शेवटी त्यानं कागद सोडवले.

"लई झालं. लावू हाच."

शुक्रवारी संक्रांतीला नामांतर झालं. रविवारी मी तिळगूळ घेऊन बायकोबरोबर छावणीत गेलो. बोर्ड वस्तीच्या तोंडाशी लागला होता, त्यावर हार होते, खाली गुलाल पडला होता. आभाळ डावीकडं गडद होतं. माझ्याशिवाय कुणी तिकडं बघत नव्हतं. पेंटर मात्र भेटल्या भेटल्या तेच बोलला.

"तो पट्टा मला रोज दिसणार साहेब. येता-जाता."

"त्याचे किती धरायचे?" मी विचारलं.

"आभाळाचा रेट असतो व्हय तुमच्या कॉस्टिंगात? नोझलचं बोला."

नोझल एकशे ऐंशी रुपये, भाडं पाच दिवसांचे पन्नास. दोनशे अनामत त्याच्याकडं होतीच, वरचे तीस मी त्याच्या हातात दिले. त्यानं मोजून घेतले आणि बायकोच्या हातावर तिळगूळ ठेवला.