कॅचरची विनंती बदली

बेसबॉलचा मोसम संपला की माझा सुरू होतो. अमेरिकेतले खरे क्लब हिवाळ्यात आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. त्याच्या आधी आम्ही काही रिकामटेकडे तीच अदलाबदल इंटरनेटवर खोटीखोटी करून बघतो. प्रत्येक क्लबला एक हौशी मॅनेजर. कुणी लीड्सचा प्लंबर, कुणी कॅनडातली शिक्षिका, कुणी केंब्रिजचा विद्यार्थी. सौदे त्यांनी ठरवायचे आणि मंजूर-नामंजूर करायचे मी, इंग्लंडात लेस्टरमधल्या आमच्या किचन टेबलावरून. पैसा नाही, बक्षीस नाही, वर शिव्या. नवरा याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणतो. म्हणू दे. कंपनीनं मला पूर्वी अमेरिकेत पाठवलं होतं, तिथून मी एवढं एकच खूळ घेऊन आले.

त्या वर्षी बाबा आमच्याकडे होते. आई गेली आणि नागपूरच्या फ्लॅटमध्ये ते एकटे उरले, म्हणून मी त्यांना व्हिजिटर व्हिसावर घेऊन आले. सहा महिन्यांचा व्हिसा. पुढचं पुढे बघू, असं मी सगळ्यांना सांगत होते.

पुढचं मी बघितलंही. व्हिसाची कामं बघणाऱ्या एका सॉलिसिटरकडे, म्हणजे वकिलाकडे, गेले. बाई भली होती. तिनं विचारलं, वडिलांना स्वतः जेवण करता येतं का? कपडे घालता येतात? पायऱ्या चढता येतात? मी अभिमानानं हो, हो म्हणत गेले. मग ती म्हणाली, तसं असेल तर त्यांना इथे ठेवणं जवळजवळ अशक्य आहे. बाबा अजून स्वतःचा चहा स्वतः करून घेत होते, म्हणून त्यांना मुलीजवळ राहता येणार नव्हतं. मला इतका राग आला की पार्किंगमध्ये येऊन मी गाडीच्या दाराला लाथ मारली. दाराला काही झालं नाही, माझा अंगठा आठवडाभर ठणकत होता.

हे बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “नियम असते त्यांचे. ते तरी काय करतील?” आणि पुन्हा खिडकीतून कौन्सिलची कचरागाडी बघत बसले.

नोव्हेंबरात माझा एक मॅनेजर ऐन वेळी गळला आणि मी त्याचा क्लब बाबांना देऊन टाकला. डोक्याला काहीतरी काम, एवढाच हेतू. बाबांनी आयुष्यात बेसबॉल पाहिला नव्हता. पण जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात त्यांनी उभी हयात शिक्षकांच्या बदल्या करण्यात घालवली होती. ते चष्मा लावून बसले आणि म्हणाले, “हे तर आमचंच काम करून राहिले हे लोक.”

आणि त्यांनी ते आपल्याच पद्धतीनं करायला घेतलं. एखाद्या खेळाडूबद्दल कुणी विचारलं, की बाकीचे मॅनेजर त्याची धावसंख्या काढायचे. बाबा त्याचं गाव काढायचे. बायको नोकरी करते का? ती कुठे? पोरं कितवीला? “पोरगं दहावीला असलं तर मधातच बदली नाही करत,” ते मला बजावायचे, आणि मी ते इंग्रजीत टाइप करायचे. कॅनडावाल्या बाईंना आधी वाटलं ही सौदा ताणायची काहीतरी चाल आहे. चाल कसली! बाबांचा क्लब रसातळाला गेला. पण लोकांना त्यांचा लळा लागला. लीड्सचा प्लंबरसुद्धा त्यांना ‘सर’ म्हणू लागला.

बाबांच्या क्लबात एक, खेळाच्या हिशेबानं म्हातारा, कॅचर होता. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा. साहजिकच गुडघे गेलेले. बाबांचेही गेलेले, त्यामुळे ममत्व. त्याची मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला तिच्या आईकडे राहते, असं बाबांनी कुठल्याशा मुलाखतीत वाचलं. झालं. “शेवटचं वर्ष आहे माणसाचं. रिटायरमेंटच्या आधी घराजवळ देत असते. विनंती बदली.”

त्या गावच्या क्लबला, म्हणजे कॅनडावाल्या बाईंना, कॅचर नको होता. मग बाबांनी त्याच्याबरोबर आपला सगळ्यात चांगला तरुण पिचर, म्हणजे गोलंदाज, देऊ केला. बदल्यात काहीच मागितलं नाही. बाईंनी अर्थातच होकार दिला आणि सौदा मंजुरीसाठी माझ्यासमोर आला.

असे सौदे नामंजूर करण्यासाठीच मी असते. खरा क्लब जे करणार नाही ते खोट्या क्लबनंही करायचं नाही, हा आमचा पहिला नियम. आणि लोक लगेच बोलू लागले. प्लंबरनं लिहिलं, “सरांबद्दल आदर आहे, पण हा दानधर्म झाला.”

इथे आईचं सांगायला हवं. आई शिक्षिका होती, जिल्ह्याच्या पार टोकाच्या एका गावात. तिथे भाड्याच्या खोलीत राहायची आणि शनिवारी घरी यायची. नवरा-बायकोला एका ठिकाणी आणायची सोय सरकारी नियमांत होती. तिचा अर्ज दरवर्षी जायचा, आणि जायचा तो बाबांच्याच टेबलावर. बाबा तो रांगेत ठेवायचे. जिथे असेल तिथेच. आपल्या माणसाला पुढे घेतलं की लोक बोट दाखवतात म्हणून, जरा काही उणं दिसलं की तिचा अर्ज आधी परत. कुणी कधी बोट दाखवलं नाही. मी बाबांच्या हातची खिचडी खात मोठी झाले. आईची बदली झाली तेव्हा मी हॉस्टेलला निघाले होते.

मी सौदा मंजूर केला. कारण लिहायची जागा कोरी ठेवली. दोन मॅनेजर त्याच दिवशी सोडून गेले, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

बाबा चिडले. खरेखुरे चिडले. “हे तू चुकीचं केलं. मी मागितलं म्हणून तू द्यायचं होय? माझ्या टेबलावर असतं तर मी परत पाठवलं असतं.”

“माहीत आहे, बाबा.”

ते उठून सिंककडे गेले. कप विसळला, पुसला, पुन्हा विसळला. पाठ माझ्याकडेच होती.

“तुझ्या आईचा अर्ज पाठवलाच होता,” ते म्हणाले. “माणसानं एक तरी चुकीचा मंजूर करायला पाहिजे होता.”

मी त्यांच्या हातातून कप घेतला आणि जागेवर ठेवला.

डिसेंबरात ते नागपूरला परत गेले. विमानतळावर व्हीलचेअर देत होते, ती त्यांनी घेतली नाही. चालता येतं म्हणाले. मला वाटलं, सॉलिसिटर बाईंच्या म्हणण्याप्रमाणे हेच तर आडवं आलं होतं.

आता दर रविवारी सकाळी मी फोन करते. तिथे दुपार असते, जेवण झालेलं असतं. मार्चमध्ये मोसम सुरू व्हायच्या सुमारास त्यांनी विचारलं, “तो आपला कॅचर पोचला का मुलीजवळ?”

तो पोचला नव्हता. खऱ्या जगात त्याच्या क्लबनं त्याला सोडून दिलं होतं, आणि ज्या दुसऱ्या क्लबनं त्याला घेतलं तो मुलीपासून आणखी लांब होता.

“पोचला, बाबा,” मी म्हटलं.

“बरं झालं. पोरगी खूश असंल.”

मी फोन तोंडापासून लांब धरला आणि नाक पुसलं. पलीकडे त्यांच्या पंख्याचा आवाज येत होता.

“रडू नको,” ते म्हणाले. “मला माहीत आहे. मी पण नेटवर बातम्या वाचतो.”